पांढऱ्या पळसाचा गुलाबसिंग

…तर कुंदावहिनींनी ती कळलावी कुंडीसकट घराबाहेर काढायला लावली, इथवर काल आलो होतो. शेजारणीनं त्यांच्या कानात घातलं होतं, की या वेलाच्या गड्ड्यानं बैलसुद्धा आडवा होतो. त्यांचे यजमान नंदकिशोर साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि यवतमाळच्या घरामागं बाग करत बसलेले. त्यांनी कुंडी गाडीत घातली, बोरी अरब ओलांडून थेट बंजाऱ्यांचा तांडा गाठला आणि ज्याच्याकडून वेल नेला होता त्या गुलाबसिंगपुढं आणून ठेवली.

"काय हो गुलाबसिंग, विषारी आहे हे सांगायचं नाही होय?"

गुलाबसिंगनं कुंडी फिरवून पाहिली. वेलाला पहिलंच फूल आलं होतं, चुलीतल्या जाळासारखं, बुडाशी पिवळं अन् टोकाला लाल. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या फाटकापाशी कण्हेर हाय ना? थे काय पेढे वाटते?"

साहेबांना हसू आवरेना. वेल परत यवतमाळला गेला, गच्चीत उंच जागी बसला, आणि कुंदावहिनींनी स्वतःच्या हातानं त्याला सुतळीचा आधार बांधला. पण गंमत पुढंच आहे. त्याच साली दिवाळीनंतर गुलाबसिंगनं कळलावीचे गड्डे उकरून अंगणात खाटेवर वाळत टाकले, आणि लालीबाईच्या दुभत्या बकरीनं त्यातले दोन-चार चावून खाल्ले. दिवस बुडायच्या आत बकरी गेली. लालीबाई म्हणजे गुलाबसिंगची बायको. ती रडली नाही की ओरडली नाही. सकाळी नवऱ्यापुढं कोरा चहा ठेवला आणि म्हणाली, "दूध नाई. पेढे टाकून प्या."

तांड्यात ही गोष्ट इतकी फिरली, की पुढं कितीतरी दिवस गुलाबसिंग दिसला की पोरं विचारायची, "काका, पेढे हायेत का?"

गुलाबसिंगचे खापरपणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या लादून मुलूख तुडवत. पुढं तांडे एका जागी बसले, वावरं झाली, कापूस अन् तूर आली. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, असं दोन जिभांचं जगणं सुरू झालं. पण चालताना पायवाटेच्या कडेला काय उगवलंय ते बघत चालायची खोड काही त्या घराण्यातून गेली नाही. गुलाबसिंगनं तर तिचा धंदाच केला. घरामागं हिरवी जाळी ताणली, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरली आणि रानातलं एकेक झाड त्यात वाढवायला लागला. गुलाब अन् क्रोटनला कंटाळलेले यवतमाळचे, दारव्ह्याचे बागवाले शोधत शोधत त्याच्याकडं यायचे. झाड देताना तो नुसतं देत नसे. पोरीला सासरी पाठवावं तसे त्याचे गुण-अवगुण सांगून पाठवायचा.

"ही सोनसावर. अंगावर एक पान नसते, तवाच सोन्यासारखी फुलते. घरात दाणा नसला की पाहुणे येतात, तशी." "हा पेवा. पानं पाहा, जिन्यासारखी गोल गोल चढतात. वर गेलं की काहीच नाई, उगाच जिना." "ही आमरी. आंब्याच्या फांदीले बांधा. मातीत लावू नका. नुसत्या हवेवर जगते, आमच्या नायकासारखी." तांड्याचे नायक उत्तमसिंग तिथंच बाजेवर बसलेले असले तरी तो हे म्हणायचा, आणि नायकही हसायचे.

खरपुडीचं फूल दाखवताना तर त्याला भलताच चेव यायचा. इवलासा वेल, त्याला कंदिलासारखं फूल. "माशी आत जाते साहेब. आतले केस सारे खाली वाकलेले. तिले वापस येताच येत नाई. फूल मरगळलं की मंग सुटते. तुमच्या हापिसासारखं हाय."

"आमच्या ऑफिसात फूल मरगळलं तरी माशी सुटत नसे," नंदकिशोर साहेब म्हणायचे. अशी त्यांची दोस्ती. एक बाजेवर, एक प्लास्टिकच्या खुर्चीवर, मध्ये चहा. साहेब पुस्तकातलं सांगायचे, हा रानातलं सांगायचा, आणि दोघांचंही अर्धं चुकायचं.

पण एक झाड गुलाबसिंग कुणालाच दाखवत नसे. साहेबांनाही दाखवलं नव्हतं.

त्याच्या खालच्या वावराच्या टोकाला नाला आहे. नाल्याच्या काठानं पळसच पळस. फाल्गुनात तो सगळा काठ पेटल्यासारखा दिसतो. त्या जाळाच्या ऐन मध्ये एक झाड राखेसारखं उभं असायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वठलंय. जवळ गेलं की कळायचं, की ते फुललंय, आणि पांढरं फुललंय. पांढरा पळस.

आता आपल्या भागात पांढरा पळस म्हटला की काय होतं, हे काय सांगायला पाहिजे? त्याच्या मुळीनं जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. सालीनं बांधलेलं सुटतं, सुटलेलं बांधलं जातं म्हणतात. म्हणणारे म्हणून जातात आणि जीव जातो झाडाचा. गुलाबसिंगच्या आज्यानं त्याच्या बापाला सांगितलं, बापानं त्याला सांगितलं: फुलाच्या दिवसांत खालच्या वावरात परका माणूस नेऊ नको. तिघांनी तो शब्द पाळला. गुलाबसिंगनं आपल्या पोराला, जीवनलाही, ते झाड कधी बोट करून दाखवलं नव्हतं. जीवनला माहीत होतं, पण बापानं दाखवलं नाही म्हणून तोही बोलत नसे.

बाग करणाऱ्याच्या पोटात मात्र एक रोग असतो. चांगलं झाड त्याला एकट्याला बघवत नाही. एका फाल्गुनात साहेब आले, दोघांचा चहा झाला, आणि गुलाबसिंगच्या तोंडून निघून गेलं, "चला, एक मजा दाखवतो."

साहेब झाडाखाली गेले आणि डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. खाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा होता, त्यावर पाय पडू नये म्हणून एका जागी अवघडून उभे होते. मग म्हणाले, "याचं रोप केलं का कधी?"

"बी लावलं होतं जवानीत. झाडं झाली, मोठी झाली, अन् फुलली थे केशरी. थो पाहा तिकडं एक, माजलेला. त्याचाच पोरगा हाय, पण बापाचं नाव काढलं नाई."

"बियांचं तसंच होतं. मुळाला फुटवा आला तर तो मात्र आईच्या वळणावर जातो, असं वाचलंय मी. मुळाला जरा घाव घातला की फुटवा येतो."

गुलाबसिंगनं मान हलवली. त्या झाडाला कोयत्याचं टोक लावायची त्याची छाती नव्हती. तरी दोघांचं ठरलं: पावसाळा लागला की एक बारीक मूळ बघून प्रयोग करायचा. ते एक झाड म्हणजे सगळं होतं. ते गेलं तर त्याच्या मागं काहीच उरणार नव्हतं, हे दोघांनाही त्या दिवशी नीट कळलं.

निघताना साहेबांनी एक फोटो काढला. स्वतःपुरता. पण रोग एकट्या गुलाबसिंगलाच थोडा होता? यवतमाळच्या बागवाल्यांचा एक मोबाईलवरचा ग्रुप होता, त्यात साहेबांनी तो टाकला. खाली एवढंच लिहिलं: दारव्हा तालुका, एका मित्राच्या शेतात. गाव नाही, नाव नाही. पण फोटोच्या कोपऱ्यात, नाल्यापलीकडं, तांड्याच्या देवळाचं पांढरं निशाण अन् पाण्याची टाकी आली होती. फोटो या ग्रुपातून त्या ग्रुपात गेला. ज्यांना बागेशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनी टाकी ओळखली.

आधी दोघं मोटरसायकलवर आले. म्हणे जडीबुटीचा सर्वे आहे. मग एक जीप आली, तिच्यात गंध लावलेला एक बाबा. गुलाबसिंगनं सगळ्यांना वरच्या वावरातला केशरी पळस दाखवला आणि पाणी पाजून वाटेला लावलं. पण एके दिवशी सकाळी तो नाल्यावर गेला, तर झाडाची नाल्याकडची साल हात पुरेल तिथवर सोललेली. पळसाला घाव बसला की लाल रस येतो. तो रस खोडावरून ओघळून मातीत थिजला होता. बुडाशी खड्डे, तोडलेली मुळं, लिंबं, कुंकू, अन् मान मुरगळलेला एक काळा कोंबडा.

त्यानं कोंबडा नाल्यात फेकला. शेण अन् काळी माती कालवून खोडाला लिंपली, वर पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलं. जखमी बैलाला बांधतात तसं. मग घरी येऊन साहेबांना फोन केला.

साहेब दुपारी आले. झाडाजवळ जाऊन पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. "माझ्यामुळं झालं," म्हणाले.

गुलाबसिंग पोत्याची सुतळी घट्ट करत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"पोलिसांत जाऊ."

"अन् काय सांगू? झाडाची साल चोरली? थे हसतील. अन् मंग तेच येतील साल पाहाले."

"तारेचं कुंपण घालू. मी करतो व्यवस्था."

"कुंपण घातलं की आत गुप्तधन हाय हे पक्कंच झालं. साहेब, तुम्ही रस्त्याचा थो निंब पाह्यला का?"

साहेबांनी पाहिला होता. तांड्याचा रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं गेली. एक निंब तेवढा राहिला, कारण त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड होता. डांबरी रस्त्यानं तिथं आदबीनं वळण घेतलं आहे.

"देवाले कोणी कुऱ्हाड लावत नाई," गुलाबसिंग म्हणाला.

साहेबांना ते पटलं नव्हतं. ते म्हणाले, "खोटा देव बसवायचा?" पण त्यांची बोलायची जागा उरली नव्हती. ज्याच्या फोटोनं झाड सोललं गेलं, तो माणूस किती अडून बसणार?

गुलाबसिंगनं नाल्यातला एक गोल दगड उचलला. बोरीच्या बाजारातून शेंदूर आणला. झाडाच्या बुडाशी दगड बसवला, पांढरं निशाण रोवलं, लापशीचा भोग लावला. आणि सकाळी तांड्यात, नायकाच्या ओट्यापाशी चारचौघांत, स्वप्न सांगितलं. "सपनात एक म्हातारा आला. सफेद फेटा, सफेद मिशा. पळसाखाली बसून चिलीम ओढून राह्यला होता. मले म्हणे, माह्या सावलीले हात लावू देऊ नको."

खरं म्हणजे तो म्हातारा त्याचा आजाच होता. फेटा, मिशा, चिलीम, सगळं आज्याचं. नवीन देव एकदम सुचत नाही, म्हणून त्यानं घरचाच वापरला. स्वप्न रंगवून सांगताना त्याला मजाही आली. नायक उत्तमसिंग मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा गुलाबसिंगला हसू दाबावं लागलं.

आणि देव लागू पडला. त्या दिवसापासून झाडाला कुणी बोट लावलं नाही. जीपवाला बाबा एकदा परत आला, दगड पाहिला, लांबूनच हात जोडून गेला. लिंपलेल्या जखमेच्या कडांनी नवी साल धरायला लागली. पुढच्या फाल्गुनात झाड पुन्हा फुललं, जरा कमी, पण फुललं. घाव भरत असताना आणखी घाव नको, म्हणून फुटव्याचा प्रयोग दोघांनी पुढं ढकलला. साहेब म्हणाले, "गुलाबसिंग, तुमचं बरोबर निघालं." त्या संध्याकाळी दोघं झाडाखाली बसून चहा प्याले. थर्मासातला. तेवढा एक चांगला फाल्गुन त्या झाडाला मिळाला.

जीवनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको बबिता यवतमाळ, अमरावती, सगळे दवाखाने करून आली होती. लालीबाईनं कुणाला न सांगता पांढऱ्या पळसाच्या फांदीला चिंधीचा पाळणा बांधला. पुढच्या साली बबिताला मुलगी झाली. नाव ठेवलं खुशी.

मग काय विचारता. बाई बाईला सांगते आणि तांडा तांड्याला. दारव्ह्याकडून, दिग्रसकडून बाया यायला लागल्या. प्रत्येकीला पाळणा बांधायचा. खालच्या फांद्या भरल्या, तेव्हा कुणीतरी खोडात खिळे ठोकले. कुणी बुडाशी तेल ओतायचं, कुणी हळदीचं पाणी. आणि म्हातारा चिलीम ओढतो ना? म्हणून चिलमी यायला लागल्या, पेटवलेल्या. बाप्ये लोक चार झुरके स्वतः घ्यायचे आणि उरलेले निखारे बाबाला म्हणून मुळाशी ठेवून जायचे. लोक त्याला पांढरेबाबा म्हणायला लागले.

गुलाबसिंग रोज सकाळी जाऊन निखारे गोळा करायचा, तेल माखलेली माती खरवडून फेकायचा, खिळे उपसायचा. संध्याकाळपर्यंत नवे खिळे. लोक म्हणायचे, बाबाची सेवा करावी तर गुलाबसिंगसारखी.

मग पांढरेबाबाची कमिटी झाली, आणि कमिटीनं ठरवलं की देव मातीत नको. सिमेंटचा ओटा बांधायचा, वर टाइल. गुलाबसिंग गवंड्यापुढं आडवा आला. "खोडाभोवती हातभर माती तरी सोडा. मुळीले हवा लागते."

"बाबाले चिखलात बसवतो काय?" कमिटीतला एक जण म्हणाला. ओटा खोडाला घट्ट चिकटवून बांधला. बाळाच्या गळ्यात ताईत बांधावा अन् बाळ वाढतच जावं, तसा तो ओटा त्या झाडाच्या गळ्याशी बसला.

त्या पावसाळ्यात वरच्या फांद्यांना पानं आली ती तळहाताएवढीच. गुलाबसिंगनं ती हातात घेऊन पाहिली आणि थेट नायकाकडं जाऊन म्हणाला, नसाब बोलवा. तांड्याच्या पंचायतीला नसाब म्हणतात. देवळापुढं सतरंजी टाकली, नायक बसले, पंच बसले, आणि गुलाबसिंग उभा राहून म्हणाला, "दगड मी आणला नाल्यातून. सपन खोटं होतं. थो म्हातारा माहा आजा होता. झाड वाचवाले केलं मी हे. आता थे झाड मरून राह्यलं. ओटा फोडा."

एक पंच दुसऱ्याकडं बघून हळूच म्हणाला, "याले बाहेरचं लागलं." मागच्या पोरांतून कुणीतरी म्हणालं, "काका, पेढे खाल्ले काय?" थोडे लोक हसले.

उत्तमसिंग नायक हसले नाहीत. जवळ बसवून त्यांनी गुलाबसिंगच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गुलाबसिंग, तुह्या घरात खुशी कोणी देली? माह्या पोरीले लेकरू कोणी देलं? तू देलं का?"

"मले नाई माहीत कोणी देलं. झाड मरून राह्यलं एवढं माहीत हाय."

"देव तू बसवला असशील. मी नाई म्हणत नाई. पण उठवणं आता तुह्या हातात नाई." आणि नायकांनी दंड ठोठावला नाही, हीच मोठी दया समजा, असं पंच उठता उठता म्हणाले.

घरी लालीबाई खुशीला मांडीवर घेऊन भरवत होती. तिला नसाबात काय झालं ते आधीच कळलं होतं.

"तुले तरी माहीत हाय ना?" तो म्हणाला. "तुह्यासमोर शेंदूर लावला मी. दगड मी आणला."

लालीबाईनं खुशीच्या तोंडाला लागलेलं वरण पदरानं पुसलं. "दगड तुम्ही आणला. देव बी तुम्हीच आणला काय?"

"झाड जाते हे दिसत नाई तुले?"

"दिसते. रोज दिसते. पण हिच्याकडं पाहा अन् सांगा, ओटा फोडू?"

तो खुशीकडं बघत राहिला. ती पोरगी त्याच्याकडं बघून हसली, तेव्हा तो उठून बाहेर गेला.

झाड एकदम मेलं नाही. दोन पावसाळे मरत राहिलं. एका फाल्गुनात चार-दोन फांद्यांना फुलं आली आणि ती उमलायच्या आत गळून पडली. बायांनी ती वेचून पदरात बांधली. पुढच्या फाल्गुनात बाजूचे सगळे पळस पेटले आणि हे झाड खरोखरच वठलेलं उभं राहिलं. कमिटी म्हणाली, बाबांनी समाधी घेतली. खोडाला ऑइलपेंटचा चांदीचा रंग दिला, वर टिनाचं शेड टाकलं, आणि यवतमाळच्या दुकानातून प्लास्टिकच्या पांढऱ्या फुलांच्या माळा आणून फांद्यांना गुंडाळल्या. आता ते बाराही महिने फुललेलं असतं. तिथं जत्रा भरते. डीजे लागतो.

झाड मरायला टेकलं होतं त्या पावसाळ्यात गुलाबसिंगला नाल्याच्या उतारावर, ओट्यापासून बऱ्याच अंतरावर, एक फुटवा दिसला. तीन पानांचा, करंगळीएवढ्या जाडीचा. एक मूळ ओट्याखालून निसटून नाल्याकडं पळालं होतं, त्याचा. त्यानं साहेबांना बोलावलं. दोघांनी गुडघ्यावर बसून माती हातानं उकरली, साहेबांनी छोट्या करवतीनं मूळ दोन्ही बाजूंनी कापलं, गुलाबसिंगनं मातीच्या गोळ्यासकट फुटवा ओल्या पोत्यात गुंडाळला. हात धुताना साहेब म्हणाले, "यवतमाळला माझ्या बागेत लावू. भिंत आहे, फाटक आहे. कोणी येणार नाही."

"तुमच्या भिंतीले लागून दुसऱ्याची गच्ची हाय," गुलाबसिंग म्हणाला. "अन् गच्चीवर मोबाईल हाय."

"पुन्हा तसं होणार नाही, गुलाबसिंग."

"व्हते, साहेब. मी बी दाखवलंच होतं ना तुम्हाले."

त्यानं फुटवा कुठं लावला ते साहेबांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. साहेब येत राहिले, पण पूर्वीसारखे नाही. यायचे, एखादं रोप न्यायचे, चहा अर्धा ठेवून जायचे. खरपुडीच्या फुलावरून ऑफिसची थट्टा आता कुणी करत नसे. लोकांनाही गुलाबसिंगकडून आता रोपांपेक्षा बाबाचा अंगाराच पाहिजे असायचा, आणि तो जाळीखाली पाठ करून बसायचा.

अशीच काही वर्षं गेली. यंदाच्या फाल्गुनात साहेब आले ते भाच्याला गाडी चालवायला घेऊन. काचबिंदूनं एक डोळा गेला आहे, दुसऱ्याचं डॉक्टर काही पक्कं सांगत नाहीत. लालीबाई खुशीला घेऊन नाल्यावर आरतीला गेली होती, तिथला भोंगा इथवर ऐकू येत होता. भाचा गाडीतच बसला. साहेब चाचपडत खुर्चीवर बसले, गुलाबसिंगनं त्यांचा हात धरून कपाच्या कानापाशी नेला.

साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तुम्ही मला जागा सांगू नका. मला दिसणारही नाही तिथवर. एवढंच सांगा, तो जगला का? आणि फुलायला लागला असेल तर एक फूल, एकच, मला आणून दाखवाल? अजून इतकं दिसतं मला. पुढच्या साली दिसेल की नाही, माहीत नाही."

गुलाबसिंगनं दोन्ही कप उचलून बाजूला ठेवले. मग तो म्हणाला:

"जगला साहेब. माह्याहून उंच झाला. दोन वर्षांपासून त्याले कळ्या येऊन राह्यल्या. केशरी पळसाची कळी काळी मखमल असते, याची हिरवट निघते, दुरून ओळखू येते. म्हणून थे बोराएवढी व्हायच्या आतच मी खुडतो अन् चुलीत टाकतो. एक बी ठेवत नाई. यंदाच्या कालच खुडल्या. तुमच्यासाठी एक ठेवली असती, पण ठेवलेली कळी फांदीवर फुलते, साहेब, अन् फांदी तुमच्या एकट्यासमोर नसते. फुलला की मेला थो. मी हाओ तोवर थो नुसता पळस हाय, पत्रावळीच्या पानांचा. माह्यामागं कोण खुडन, मले माहीत नाई. जीवनले मी अजून सांगतलं नाई थे झाड कोणतं हाय थे."